तांड्याला भिंती

१

मराठी समीक्षेला इमारतींचे वावडे आहे. कविता, कादंबरी, नाटक यांविषयी आपण हिरीरीने बोलतो. अलीकडे चित्रपटाविषयीही बोलू लागलो आहोत. परंतु ज्या वास्तूत माणसे मुद्दाम काही पाहायला जातात, तास-दोन तास फिरतात आणि काही एक अनुभव घेऊन बाहेर पडतात, तिच्याकडे एक कृती म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. माधव आचवलांच्या ‘किमया’सारखा अपवाद सोडला, तर वास्तूवरचे आपले लेखन एक तर सनावळीत अडकते, नाही तर बांधकामाच्या खर्चात. संग्रहालयाच्या बाबतीत ही उदासीनता अधिकच जाणवते. ते उघडते त्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. पण ते चांगले आहे की नाही, आणि संग्रहालय चांगले असणे म्हणजे काय, हा प्रश्न त्यानंतर सहसा कोणी विचारीत नाही.

वस्तुतः संग्रहालय ही एक रचना असते. तिला आरंभ असतो, क्रम असतो, शेवट असतो. तिच्यात निवड असते, आणि निवड आली म्हणजे वगळणेही आले. कोणत्या गोष्टीला मोठी भिंत द्यायची आणि कोणती कोपऱ्यात उरकायची, हे कोणीतरी ठरविलेले असते. कादंबरीकाराला ज्या ज्या गोष्टींचा जाब आपण विचारतो, त्या सर्व येथे हजर असतात. शिवाय या रचनेला असा एक वाचक लाभतो, जो दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाला सहसा लाभत नाही. तो म्हणजे ज्याला अजून वाचता येत नाही असा वाचक: चार-पाच वर्षांचे मूल. आईबापांचे किंवा आजी-आजोबांचे बोट धरून ते आत येते, पाट्या त्याला लागत नाहीत, सनावळ्या त्याच्या गावीही नसतात, आणि तरीही कित्येक संग्रहालयांत तेच सर्वांत प्रामाणिक प्रेक्षक असते. त्याला कंटाळा आला तर ते लपवीत नाही.

या लेखात मला ज्या संग्रहालयाविषयी लिहायचे आहे, ते आमच्या वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे उभे आहे. बंजारा समाजाची काशी म्हणून हे गाव ओळखले जाते. जगदंबेचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीच्या यात्रेला देशाच्या अनेक भागांतून तांडेच्या तांडे येथे लोटतात. येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. चार मजले, तेरा दालने असा त्याचा पसारा आहे. मुलांना घेऊन दिवसभर जावे अशी छपराखालची जागा आमच्या जिल्ह्यात पूर्वी जवळजवळ नव्हतीच; देवळे होती, जत्रा होत्या, कारंजा-सोहोळचे काळवीट होते, पण ते सारे उघड्यावरचे. तेव्हा आमच्या दृष्टीने ही घटना लहान नाही. परंतु माझा प्रश्न जिल्ह्याच्या भाग्याचा नाही. ज्या समाजाचे सारे संचित चालण्यात आणि बोलण्यात होते, त्याला भिंतींच्या आत आणले म्हणजे नेमके काय घडते, आणि ते घडताना लहान मूल कोठे उभे असते, हा आहे.

२

आधी शब्दाकडे पाहू. ‘संग्रहालय’ हा शब्द विद्वानांनी घडविला. त्यात संग्रह करणारा आहे आणि संग्रह ठेवायची जागा आहे, पाहणारा नाही. लोकांनी मात्र अशा इमारतींना वेगळीच नावे दिली. नागपूरचे १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय आम्हा वैदर्भीयांना पिढ्यान्‌पिढ्या ‘अजब बंगला’ म्हणून ठाऊक आहे. कलकत्त्याचे संग्रहालय तर त्याहून जुने, १८१४ चे. बंगाली माणसाने त्याला ‘जादूघर’ म्हटले. या दोन्ही नावांत वस्तू किती आहेत याची मोजदाद नाही. त्या पाहून तोंडाचा आ वासलेला माणूस आहे. मुलाला घेऊन जाणारा आजोबा ‘चल, तुला संग्रहालय दाखवतो’ असे म्हणत नसे. तो म्हणे, ‘चल, अजब बंगल्यात जाऊ.’ आणि मुलाच्या मनात दार उघडण्याआधीच दार उघडलेले असे.

पण नवल ही एकच प्रेरणा संग्रहालयामागे असते असे नाही. दुसरी प्रेरणा विरहाची आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे तिचे उत्तम उदाहरण. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी. अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे, फण्या, लाटणी, दरवाजे अशा घरगुती वस्तू त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जमविल्या, आणि त्या साऱ्या संग्रहाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. १९७५ साली हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. हजारो मुले शाळेच्या सहलीतून तेथे जातात आणि एका मुलाच्या नावाच्या घरातून फिरून येतात. फार थोड्यांना हे कोणी सांगते. तरी त्या वस्तूंत काहीतरी जिव्हाळ्याचे आहे हे न सांगताही जाणवते, कारण ज्याने त्या निवडल्या त्याचा हात त्यांच्यावरून फिरलेला आहे. हे घर कवीने रचले आहे हे मला तरी फार अर्थपूर्ण वाटते.

तिसरी प्रेरणा अलीकडची, आणि ती ओळखीची आहे. एखादा समाज म्हणतो, आम्हीही होतो, आम्हीही आहोत. आमचे नाव तुमच्या पुस्तकांत नव्हते, म्हणून आम्ही घर बांधले. पोहरादेवीचे संग्रहालय या जातीचे आहे. ही प्रेरणा थोर आहे यात शंका नाही. परंतु नवलाची जागा, विरहाची जागा आणि ओळखीची जागा या तिघींत मुलाच्या दृष्टीने सर्वांत अवघड कोणती, तर ही तिसरी. नवल मुलाला उपजत येते. विरह त्याला कळत नाही, तरी वस्तूवरची माया कळते. ओळख मात्र कोणीतरी करून द्यावी लागते. थोर पुरुषांच्या तसबिरींपुढे उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला त्या साऱ्या मिशा सारख्याच दिसतात. ‘हे कोण?’ असे ते विचारते, आणि उत्तरावर सारे अवलंबून असते. ‘हे मोठे नेते होते’ हे उत्तर म्हणजे दार लावून घेणे. ‘हे इथून जवळच्या गहुलीचे, तांड्यात जन्मले, आणि पुढे सगळ्या महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले’ हे उत्तर म्हणजे वसंतराव नाईकांची गोष्ट सुरू होणे.

३

गेल्या हिवाळ्यात मी माझी पाच वर्षांची नात आणि तिचा सात वर्षांचा आतेभाऊ यांना घेऊन पोहरादेवीला गेलो. मंगरूळपीर, मानोरा करीत आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. आधी देवीचे दर्शन, मग समाधी, मग डबा, आणि मग संग्रहालय, असा क्रम मुलांनीच ठरविला. म्हणजे भुकेने ठरविला.

दालनांचे वर्णन मी करणार नाही. ज्याने त्याने जाऊन पाहावे. मला सांगायचे आहे ते मुलांच्या नजरेविषयी. पहिल्या अर्ध्या तासात मुलगा पुढे पळत होता आणि नात मागे रेंगाळत होती. दोघांनाही आम्ही मोठी माणसे जे पाहत होतो ते दिसत नव्हते. मुलाला जिने दिसत होते. नातीला दिसत होती आमच्या पुढे चाललेली एक म्हातारी.

ती कोणत्या तांड्यावरून आली होती मला माहीत नाही. तिच्या अंगावर जुन्या वळणाचा पेहराव होता: आरसे जडविलेला घेरदार फेटिया, कवड्या लावलेली कांचळी, दंडात पांढऱ्या बलिया, केसांतून गालांवर उतरलेल्या घुगऱ्या. बरोबर तिचा आठ-नऊ वर्षांचा नातू, शाळेच्या गणवेशाची पँट घातलेला. ती त्याला गोरबोलीत काही दाखवून विचारी. तो मराठीत उत्तर देई. तिला त्याचे मराठी समजत होते, त्याला तिची बोली समजत होती. पण दोघांपैकी कोणीही आपला काठ सोडीत नव्हते. आमच्याकडच्या तांड्यांत हे दृश्य रोजचे आहे. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. लिहायची झाली तर ती बहुधा देवनागरीत लिहितात. शाळेत मराठी, बाजारात वऱ्हाडी, मोबाइलवर हिंदी. बोली उरते ती आजीजवळ.

माझी नात त्या फेटियाकडे टक लावून पाहत होती. म्हातारीच्या ते ध्यानात आले. ती थांबली, आणि आम्हा परक्यांशी बोलताना वऱ्हाडीत आली. ‘ये वं माय, हात लाव. काही होत नाही त्याले.’ नातीने भीत भीत एका आरशावर बोट ठेवले, मग डोळा जवळ नेला, आणि ओरडली, ‘आजी, ह्यात मी दिसते!’ म्हातारी हसली. ‘माह्या मायनं शिवेल आहे ते,’ ती म्हणाली. तेवढ्यात तिचा स्वतःचा नातू जवळ आला आणि त्याने विचारले, ‘तुझ्या आईने? केव्हा?’ प्रश्न मराठीत होता. उत्तर गोरबोलीत, आणि लांबलचक आले. आमच्या पदरात त्यातले फारसे काही पडले नाही. पण तो मुलगा गप्प उभा राहून ऐकत होता, आणि मधूनच त्याने जो एक शब्द विचारला तो मला कळला, कारण तो आईसाठी गोरबोलीत असलेला शब्द होता: ‘याडी?’

दिवसभरात मी जे काही पाहिले त्यात संग्रहालय म्हणून खरे घडले ते एवढेच, असे माझे मत आहे. कोणी म्हणेल, मग ही म्हातारी त्यांच्या तांड्यावरही भेटली असती. तिच्यासाठी चार मजले कशाला? पण असे म्हणणे बरोबर नाही. तांड्यावर तो मुलगा हा प्रश्न विचारता ना. आजीचा फेटिया त्याने जन्मापासून पाहिला होता. त्यात विचारण्यासारखे काही आहे हे त्याला त्या इमारतीत आल्यावर सुचले. आजूबाजूच्या भिंतींनी त्याला सांगितले होते की हे मोलाचे आहे. भिंतींचे काम तेवढेच, आणि ते फार मोठे आहे. संग्रहालयाने प्रश्नाला जन्म दिला. उत्तर आजीने द्यायचे होते.

येथे काच आणि आरसा यांचा फरक मला महत्त्वाचा वाटतो. काचेमागची वस्तू आपल्याला सांगते: मी येथे, तू तेथे. ही कोणत्याही एका दालनाची उणीव नव्हे. जपणूक म्हटली की काच आलीच, आणि वस्त्र जपायचे तर हात दूर ठेवावेच लागतात. पण त्या पेहरावातला आरसा बंजारा स्त्रीने लावला तो पाहणाऱ्याला आत घेण्यासाठी. काचेमागे ठेवलेल्या फेटियातले आरसे आता फक्त दिव्यांची प्रतिबिंबे दाखवितात. वस्तू राखली जाते आणि तिची करामत हरवते, हा संग्रहालयाचा जन्मजात पेच आहे. तो सुटत नाही. फक्त त्याची जाणीव ठेवता येते.

४

मुलाच्या टीकाशास्त्रात एकच कसोटी असते, आणि ती एका शब्दाची: ‘मग?’ फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत गोष्टीचे मूळ याच प्रश्नात शोधले होते. पण हे सांगायला केंब्रिजला जावे लागत नाही. निजायच्या वेळी मुलाला गोष्ट सांगणाऱ्या कोणालाही ते ठाऊक आहे. तेव्हा तेरा दालनांच्या या कृतीला मुलाचा ‘मग?’ लावून पाहिला तर काय हाती लागते?

बंजाऱ्यांच्या कथेइतकी ‘मग?’ला पुरून उरणारी कथा दुसरी शोधून सापडणार नाही. १६३२ साली पीटर मंडी नावाचा इंग्रज आग्र्याहून पाटण्याकडे निघाला असता त्याला वाटेत १४,००० बैलांचा एक तांडा लागला. धान्य लादलेले बैल, आणि बरोबर पुरुष, बायका, मुले, सारा संसार. दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक ते चालत नसत. बैलांना चरायला वेळ द्यावा लागे. हे १४,००० बैल कल्पनेने उभे करून पाहावे. माझ्या नातवाला मी हा आकडा सांगितला तेव्हा त्याने आपल्या गावातले सगळे बैल मिळून किती, असे विचारले, आणि बैल आता फारसे उरलेच नाहीत हे आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आले. किनाऱ्याचे मीठ पठारावर आणि पठाराचे धान्य किनाऱ्याकडे या बैलांच्या पाठीवरून गेले. लवण वाहणारा तो लमाण, अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. बादशाही फौजा याच बैलांच्या आधारावर दख्खनेत उतरल्या. १८०३ साली वेलस्लीच्या सैन्याला आमच्या वऱ्हाडात, अडगाव आणि गाविलगडच्या लढायांपर्यंत, बंजाऱ्यांच्याच बैलांनी रसद पुरविली. दिल्लीत १६७५ साली गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाल्यावर लखीशाह बंजाऱ्याने त्यांचा देह आपल्या घरी नेला आणि घरालाच अग्नी देऊन अंत्यसंस्कार केला, ही कथा शीख परंपरेने आजवर जपली आहे.

मग?

मग रस्ते झाले, आणि आगगाडी आली. १८६७ साली मुंबईकडून निघालेले रूळ वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचले. जो कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून महिनोन्‌महिने प्रवास करीत गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई, तो आता डब्यात बसून मुंबईला गेला. बैल मोकळे झाले आणि माणसे बेकार झाली. अवघ्या चार वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. भटकणारा तो संशयित, असे त्या कायद्याचे तर्कशास्त्र; देशाच्या कित्येक भागांत बंजारा-लमाणांवर त्याची काळी छाया पडली. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, आणि या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. कालपर्यंत ज्यांच्या पायांवर देशाचा बाजार चालत होता, त्यांना चालण्याबद्दलच गुन्हेगार ठरविले गेले. या कथेतला हा सांधा कादंबरीकाराने कल्पिला असता, तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

गौरवाच्या हेतूने उभारलेल्या कोणत्याही वास्तूला हा सांधा अडचणीचा असतो. पराक्रम दाखवायला सोपा; त्याला तसबीर असते, पुतळा असतो. अपमानाला मूर्ती नसते. शिवाय आपल्या लेकरांना आपला अपमान दाखवावा की नाही, हा प्रश्न ज्याने तो सोसला त्याचा आहे. माझ्यासारख्या वाण्या-ब्राह्मणांच्या गल्लीत वाढलेल्या माणसाने त्यावर पोक्त सल्ला देऊ नये. मी फक्त कथेच्या बाजूने बोलू शकतो. कथेच्या बाजूने पाहता तो सांधा गाळला तर मुलाचा ‘मग?’ हवेत लोंबकळतो. एवढे १४,००० बैल होते, तर मग ते गेले कोठे? एवढे सारे श्रीमंत सार्थवाह होते, तर मग माझे आजोबा दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला का जात? या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर मूल आपले उत्तर स्वतः बनविते. आणि मुलांनी बनविलेली अशी उत्तरे बहुधा स्वतःला कमी लेखणारी असतात. आत्माराम राठोडांनी ‘तांडा’ या नावाचे आत्मकथन लिहिले, तेव्हा मराठी वाचकाला या कथेचा मधला भाग प्रथमच आतून दिसला. ग्रंथाने जे धाडस केले ते भिंतींनाही करता यावे.

आणि हे पाच वर्षांच्या मुलाला सांगता येते का? येते. माझ्या नातीला मी सांगितले: ‘हे लोक खूप चालायचे. मग आगगाडी आली, आणि त्यांचे काम गेले. मग साहेब म्हणाला, जे चालतात ते चोर.’ ती क्षणभर थांबून म्हणाली, ‘पण चालणारे चोर कसे?’ १८७१ च्या कायद्यावर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

५

आता थोडे व्यवहाराचे. मुलांना घेऊन बाहेर जाण्याची जी साधने आज आपल्यापुढे आहेत, त्यांत मोठ्या शहरांतील मॉलमधली खेळघरे लोकप्रिय आहेत. आमच्या वाशीमचे लोकही नागपूर-पुण्याला गेले की मुलांना तेथे नेतात. मला त्यांचा राग नाही. उन्हातान्हात मुलांना उड्या मारायला मऊ जमीन मिळते हे चांगलेच. पण तेथील रचना पाहा. मूल जाळीच्या आत, आई-बाप जाळीच्या बाहेर. तासाचे पैसे भरलेले. आत किंचाळ्या, बाहेर मोबाइल. एका छपराखाली असूनही दोघे एकमेकांच्या अनुभवाबाहेर असतात. संग्रहालयाची रचना याच्या नेमकी उलट आहे. तेथे मुलाला एकट्याने काहीच करता येत नाही. पाटी वाचायला मोठे माणूस लागते, काचेवरून डोकवायला खांदा लागतो, समजून घ्यायला गोष्ट लागते. ही त्याची अडचण नव्हे; हेच त्याचे सामर्थ्य आहे.

जगात इतरत्र या अडचणीवर वेगळे उपाय झाले. अमेरिकेत ब्रुकलिन येथे १८९९ साली खास मुलांसाठी पहिले संग्रहालय निघाले, आणि ‘हात लावू नका’ या पाटीला तेथून ओहोटी लागली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेही २०१९ साली मुलांसाठी वेगळी वास्तू उघडली. मोठ्या दालनांतून चालताना मोठी माणसेही थकतात, हे बोस्टनच्या गिलमन यांनी १९१६ सालीच छायाचित्रांसह दाखवून दिले होते. वाकून, मान वळवून, टाचा उंचावून पाहणे हेच मुळी श्रमाचे काम आहे. तेरा दालने एका दिवसात पाहायचा हट्ट मुलांच्या बाबतीत म्हणूनच निरर्थक ठरतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ रात्रींत वाटली, आणि प्रत्येक रात्री एकच गोष्ट सांगितली. हा हिशेब त्यांना नाशिकच्या तुरुंगात असतानाही चुकला नाही. एका खेपेला एकच दालन पाहावे, तेही बसून. बाकीची बारा दालने कोठे पळून जात नाहीत.

पण मला सर्वांत अधिक गरज वाटते ती बोलणाऱ्या माणसांची. लेखी मजकूर, चलच्चित्रे, ध्वनिमुद्रित निवेदन ही सारी साधने उपयोगाची आहेत, परंतु त्यांच्यात एक धोका आहे. यंत्र बोलू लागले की आजी गप्प होते. प्रमाण मराठीतले खणखणीत निवेदन ऐकल्यावर आपल्या बोलीतले आपले अडखळते सांगणे तिला कमी प्रतीचे वाटू लागते. होळीची लेंगी जिला तोंडपाठ आहे, तीजेच्या टोपल्यांत गव्हाचे अंकुर कसे वाढवायचे आणि कुमारिकांनी नऊ दिवस त्यांना पाणी कसे घालायचे हे जिच्या हाताला माहीत आहे, ती बाई स्वतःविषयीच्या प्रदर्शनात श्रोता होऊन फिरते. ज्या संस्कृतीचे ग्रंथ म्हणजे म्हातारी माणसेच, तिच्या संग्रहालयात म्हातारी माणसे मुकी होणे म्हणजे ग्रंथालयात पुस्तके शिवून ठेवण्यासारखे आहे.

आमच्या या भूमीविषयी एक जुनी गोष्ट आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सांगितले आहे की सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून देशोदेशी हिंडू लागला, आणि त्याला वश करण्यासाठी साहित्यविद्यावधू त्याच्यामागून निघाली. ज्या ज्या देशात ती गेली तेथे तिने वेगळा वेष केला, वेगळे विलास केले, वेगळ्या रीतीने ती बोलली. त्या त्या देशातल्या लोकांनी ते उचलले. शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात त्या दोघांचे लग्न झाले. वत्सगुल्म म्हणजेच आमचे वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आम्हाला या गोष्टीचा अभिमान वाटतो, पण तिच्यातला बारकावा आम्ही विसरतो. त्या वधूने काव्यपुरुषाला जिंकले ते वेषाने आणि हावभावांनी, आणि त्यांच्या बरोबरीने बोलण्याने. राजशेखराने या तिन्हींना वेगवेगळी नावे दिली: वेषाची ती प्रवृत्ती, विलासाची ती वृत्ती, वचनाची ती रीती. देशोदेशी हिंडलेला आणखी एक समाज आता याच जिल्ह्यात आपले घर बांधून बसला आहे. त्याची प्रवृत्ती तेथे आहे. वृत्तीही आहे, कारण नगाऱ्याचा ठेका ज्याच्या कानांत आहे त्याला ती कळते. उरली रीती. ती काचेत ठेवता येत नाही. ती एका तोंडातून दुसऱ्या कानात गेली तरच राहते, आणि तो कान लहान मुलाचा असावा लागतो, कारण मोठ्यांचे कान भरलेले असतात.

म्हणून पोहरादेवीच्या या वास्तूचे मूल्यमापन दालनांच्या संख्येवरून किंवा येणाऱ्यांच्या गर्दीवरून करू नये असे मला वाटते. प्रत्येक दालनात एक साधे बाकडे असावे, आणि त्यावर आठवड्यातून काही दिवस जवळपासच्या तांड्यांतली एखादी वृद्धा किंवा वृद्ध मानधन घेऊन बसावा. त्याने गोरबोलीत सांगावे, मराठीत सांगावे, मुलांनी विचारील तसे सांगावे. ज्यांच्या घरी ती बोली आहे त्या मुलांनी ती ऐकावी. ज्यांच्या घरी नाही त्या आमच्या मुलांनी शेजाऱ्याच्या घरी बसल्यासारखे ऐकावे. असे काही झाले तर ते संग्रहालय वाचता न येणाऱ्या वाचकालाही पुरे पडेल. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी तेथे येणारा मुलगा आजीला तिच्या बोलीत प्रश्न विचारतो की मराठीतच, एवढे कोणी कान देऊन ऐकले, तरी या कृतीची समीक्षा पुरी होईल.